हायत चार

मालवणच्या खानावळीत चार पाने मांडलेली होती आणि दारात आम्ही चालकासह सव्वीस जण उभे होतो. चार पाट, चार ताटे, चार वाट्या सोलकढी. मालकीणबाई पदर खोचून आमच्या रांगेकडे पाहत होत्या; ती रांग अंगण ओलांडून रस्त्यावरच्या बसपर्यंत पोचली होती.

"तुमीच मां फोनवर सांगल्यात?" त्यांनी सर्वांत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांना विचारले. "मी इचारलंय, माणसां किती? तर तुमी म्हटल्यात, हायत चार."

त्या गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्या आत एकदा पाहिले आणि ती पुन्हा डोक्यावर ठेवली.

"म्हणालो आसंन, बाई. तोंडातनं गेलं."

हे प्राध्यापक मायाप्पा गोरड. साताऱ्याच्या ज्या महाविद्यालयात मी आयुष्यभर संस्कृत शिकविले, तेथेच ते प्राणिशास्त्र शिकवीत. विद्यार्थी त्यांना अप्पासर म्हणत आणि पुढे मीही तसेच म्हणू लागलो. वर्गात त्यांची मराठी छापील ग्रंथासारखी असे. परंतु आनंद, संकोच किंवा चिंता यांपैकी काहीही अनावर झाले की ते तत्काळ माणदेशच्या बोलीत उतरत. त्यांचे घराणे दहिवडीकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखणारे. मेंढपाळाला त्याच्या खांडात, म्हणजे कळपात, मेंढरे किती असे विचारले तर तो आकडा उच्चारीत नाही. बोलून दाखविलेल्या संख्येला दृष्ट लागते, अशी त्यांची श्रद्धा. दोनशे असोत वा तीनशे, उत्तर एकच: हायत चार. विचारणाराही समजतो आणि बोलणे पुढे चालू होते. मालवणच्या बाईंना हा संकेत ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते.

त्या दुपारी अप्पासर सरळ स्वयंपाकघरात शिरले, बाह्या सारून परातीपुढे बसले आणि भाकऱ्या थापू लागले. माणदेशी हात बाजरीचा. तांदळाचे पीठ त्याला दाद देईना. पहिल्या तीन भाकऱ्यांचे नकाशे झाले.

"सर, ही ऑस्ट्रेलिया मला," ओंकार म्हणाला. हा साताऱ्याजवळच्या एका निवृत्त सुभेदारांचा मुलगा, तुकडीतला सर्वांत वाचाळ.

"घे. आन् कडा मोडू नगंस, तिथं मोठं प्रवाळ हाय."

मुलींनी नारळ खवले, मुलांनी विहिरीचे पाणी भरले, आणि चार वाजता आम्ही सर्व जेवलो. तोवर मालकीणबाईंचा राग मावळून त्यांना हसू आवरत नव्हते. निघताना त्यांनी उद्याच्या जेवणाची चौकशी केली, ती मात्र माझ्याकडे.

या सहलीत संस्कृतच्या अध्यापकाचे काय काम, असा प्रश्न कोणालाही पडेल. प्रवाळांच्या अभ्यासासाठी अप्पासर दरवर्षी माघ महिन्यात विद्यार्थ्यांना मालवणला नेत. सागरी जीवशास्त्राचा विषय त्यांनी एकट्याने जिवापाड सांभाळलेला होता. परंतु साताऱ्यात बसून समुद्र कशासाठी शिकवायचा, असे वरच्या मंडळींना वाटू लागले होते. त्यातच पाण्याजवळ मुले नेण्याची धास्ती. सहल बंद झाली की प्रात्यक्षिक बंद, आणि प्रात्यक्षिक बंद झाले की विषयच बंद, हे सर्वांना दिसत होते. तेव्हा प्राचार्यांनी ठरविले की, कोणीतरी ज्येष्ठ अध्यापकाने सोबत जाऊन सर्व पाहावे आणि छापील नमुन्यात अहवाल भरून पाडव्यापूर्वी द्यावा. माझ्या विभागात तेव्हा विद्यार्थी चार होते. मेंढपाळाचे चार नव्हेत, खरोखरचे चार. त्यामुळे हे काम माझ्याकडे आले.

त्या नमुन्यात भोजन, निवास, शिस्त, औषधोपचार अशा प्रत्येक बाबीपुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन शब्द छापलेले होते. योग्य त्या शब्दाभोवती गोल करावयाचा. तळाशी टीप होती: एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' असल्यास पुढील परवानगीचा विचार केला जाणार नाही. बसमध्ये माझ्या झोळीतून त्या कागदाचा कोपरा बाहेर डोकावत होता. अप्पासरांनी तो पाहिला आणि स्वतःच्या हाताने आत सरकविला.

"निवांत भरा, गुरुजी," ते म्हणाले. "बघून भरा."

मी त्यांना पुष्कळ वर्षे पाहत आलो होतो, तरी ओळखत होतो असे म्हणता येणार नाही. अध्यापक-कक्षात आले की ते प्रथम माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेला नमस्कार करीत. तेथे माझ्या मातुःश्रींनी दिलेली पोवळ्याची अंगठी आहे. "काय म्हणतंय आमचं माणूस?" असे ते अंगठीला विचारीत आणि मग माझ्याकडे वळून, "आन् तुमी कसं हायसा?" आरंभी मला हा अनादर वाटे. एकदा मी त्यांना सांगितले की, आमच्या कोशांत पोवळ्याला विद्रुम असे नाव आहे, द्रुम म्हणजे वृक्ष, म्हणजे प्राचीनांनी याला समुद्रातले झाड मानले असावे. ते आनंदाने टेबलावर हात आपटून म्हणाले, "लय जवळ आले हुते की! पर झाड न्हाई, गुरुजी. दगड बी न्हाई. हे खांड हाय. येवढे येवढे जीव दाटीवाटीनं एकाला एक लागून बसल्यात, आन् आपल्याच हातानं आपला वाडा बांधत्यात." त्या दिवसापासून संध्यावंदनाच्या वेळी अंगठीकडे दृष्टी गेली की मला किंचित संकोच होऊ लागला, एका अख्ख्या गावाचे घर आपण बोटात घालून फिरतो, असे मनात येई.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक लोखंडी कपाट होते. त्याच्या दारावर खडूने 'समुद्र' एवढेच लिहिलेले असे. आत शंख-शिंपले, लाटांनी किनाऱ्यावर टाकलेले मृत प्रवाळ, पाण्याखाली लिहिण्याच्या पाट्या, रबरी बूट आणि खाऱ्या पाण्याची एक बाटली. नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ते ती बाटली हुंगायला देत. मुले नाक मुरडीत. "मुरडा, मुरडा," ते म्हणत, "माघात ह्यालाच मिठी मारणार हायसा."

याच कपाटात वाघर असे. मेंढपाळ रात्री मेंढरे कोंडण्यासाठी सुताच्या जाळीचे कुंपण करतात, त्याला वाघर म्हणतात. प्रवाळांची नोंद करताना एक मीटर लांबी-रुंदीची चौकट लागते, आणि तीत आडव्या-उभ्या दोऱ्या ओवून घरे पाडलेली असतात. अशी चौकट विकत मिळते. अप्पासरांनी मात्र नळाच्या नळ्यांची चौकट करून तिच्यावर आपल्या वडिलांच्या जुन्या वाघरीचा तुकडा ताणून बसविला होता. दोन विद्यार्थ्यांनी ती प्रवाळाला न टेकविता त्याच्यावर धरावयाची, तिसऱ्याने वाघरीच्या प्रत्येक घरात काय दिसते ते पाटीवर लिहावयाचे. ज्या जाळीने माणदेशच्या माळावर मेंढरे राखली, ती मालवणच्या खडकावर प्रवाळ राखीत होती.

त्यांचा आणखी एक प्रघात होता. नोंदवहीत शास्त्रीय नावे असतच. परंतु किनाऱ्याजवळच्या प्रवाळांच्या प्रत्येक मोठ्या वसाहतीला त्यांनी आपल्या घरच्या मेंढ्यांची नावे दिलेली होती. ढवळी, लंगडी, कानी. प्रत्येक नवी तुकडी त्या नावांनीच ओळख करून घेई. मुलांनी आकडेमोड घाईने उरकली की ते म्हणत, "मोजून किती हायत ते कळतं, बाळांनो. वळखून कोण न्हाई ते कळतं. सांजचं खांड वाड्यावर आलं की आमचा म्हातारा मोजत न्हवता. तोंडं बघायचा."

दुसऱ्या दिवशी आम्ही होडीने खोल पाण्यातल्या प्रवाळांकडे गेलो. विद्यार्थी लाइफ जॅकेट घालून, काचेचे मुखवटे लावून, स्थानिक पाणबुड्यांच्या सोबतीने टप्प्याटप्प्याने पाण्यात उतरत होते. त्यांत प्रतीक्षा नावाची तासगावची मुलगी सर्वांत पुढे होती. तिच्या घरी द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड. ती बागेच्या विहिरीत पोहून मोठी झालेली. तिला पाण्यातून बाहेर काढणे हेच काम होते.

"सर, या की खाली!" तिने पाण्यातून हाक मारली. "निळे मासे आहेत, थवेच्या थवे! तुमच्या त्या आकृतीतल्यासारखं सगळं!"

"मी हितनं राखतो," अप्पासर म्हणाले.

ते होडीच्या मध्यभागी, दोन्ही हातांनी फळी धरून, अंगावर लाइफ जॅकेट आवळून बसले होते. समोर विद्यार्थ्यांच्या चपला ओळीने लावून ठेवल्या होत्या आणि ते एकदा चपलांकडे, एकदा पाण्यावरच्या डोक्यांकडे पाहत होते. ओठ हलत नव्हते. ते मोजीत नव्हते, तोंडे पाहत होते. जो कोणी वर येई त्याला ते बारीकसारीक प्रश्न विचारीत. त्या कपारीत अजून निळा मासा असतो का? त्या पंख्यासारख्या प्रवाळाचा रंग कसा? कडेला पांढरे पडले आहे का? मुलगा सांगे आणि हे डोळे मिटून ऐकत. वडीलधाऱ्या माणसाची ही दक्षता आहे असे मी समजलो आणि मनातल्या मनात 'सुरक्षा' या शब्दापुढे 'होय' लिहिले.

तिसरा दिवस माघी पौर्णिमेचा. त्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास भरपूर ओहोटी असते आणि एरवी पाण्याखाली असलेला खडक गुडघाभर पाण्यात येतो. अप्पासरांनी सर्वांना किनाऱ्यावर उभे करून नियम सांगितला. पाय फक्त वाळूत किंवा उघड्या खडकावर पडेल. जिवंत प्रवाळावर ज्याचा पाय पडला, त्याची पाटी काढून घेतली जाईल आणि त्याने दिवसभर कडेला बसायचे. "कुणी बी आसंना," ते म्हणाले.

माझा जन्माचा एक नेम आहे. पहाटे जाग आली की अंथरुणावरून पाय खाली टेकविण्यापूर्वी मी भूमीला हात लावून तिची क्षमा मागतो, कारण दिवसभर तिच्यावर आपले पाय पडणार असतात. समुद्र हे तिचे वस्त्र आहे, असे मला लहानपणी शिकविले गेले. त्या दिवशीही मी क्षमा मागितली होती. मग पळी-पंचपात्र घेऊन, रबरी बूट न घालता, अनवाणी मी पाण्यात उतरलो; पादत्राणांसह अर्घ्य देणे मला मानवले नसते. सूर्य माडांच्या शेंड्यांवर येत होता. पाणी थोडे खोल हवे म्हणून मी दोन पावले पुढे गेलो, एका रुंद तपकिरी दगडावर उभा राहिलो आणि ओंजळ भरली.

पापड मोडावा तसा माझ्या टाचेखाली आवाज झाला.

"गुरुजी, पाय उचला," मागून अप्पासर म्हणाले.

मंत्र अर्ध्यावर होता. मी ओंजळ तशीच धरून ठेवली.

"आवं, पाय उचला आधी!"

मी पाय उचलला. ते तोपर्यंत पाणी तुडवीत जवळ आले होते. वाकून, हात मागे बांधून त्यांनी खाली पाहिले. "कानी," ते म्हणाले. कानासारखी वळलेली तिची कड तळहाताएवढी तुटून वाळूत पडली होती.

तेवीस विद्यार्थी जागच्या जागी उभे राहिले. माझ्या झोळीत काय आहे हे त्यांतील प्रत्येकाला ठाऊक होते. "मेलं," ओंकार कुजबुजला, पण ओहोटीच्या शांततेत ते सर्वांना ऐकू गेले. "गेली आपली ट्रिप."

अप्पासर सरळ झाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"कडेला बसा, गुरुजी. सांजपतुर."

"माझे अर्घ्य राहिले आहे," मी म्हणालो.

"अर्घ्य कडंवरनं बी पोचतंय," ते म्हणाले. "सूर्य तिकडंच उगवतोय."

ते खरेच होते. पश्चिमेच्या किनाऱ्यावर सूर्य जमिनीकडून उगवतो. मी त्याच्यासाठी उगाच समुद्रात शिरलो होतो. मी निमूटपणे माघारी फिरलो, वाळूत बसलो आणि तेथून अर्घ्य दिले. मला क्रोध आला होता, हे लपवीत नाही. आपल्यापेक्षा लहान माणसाने, मुलांच्या देखत, असे काहीसे मनात घोळत राहिले. परंतु समोर ती मुले वाघर धरून पाण्यात वाकलेली दिसत होती. एकेक पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहत होती, जागा निवडत होती, मग टेकवीत होती. क्षमा मागणे मला जन्मभर येत होते. पाय कोठे पडतो हे पाहण्याचे मात्र राहून गेले होते.

दुपारी भरतीचे पाणी चढले, खडक बुडाला आणि विद्यार्थी सामान आवरू लागले. अप्पासर दोन पेले चहा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले.

"राग आला?"

"आला होता. गेला."

"तुमास्नी बसवताना जड गेलं," ते म्हणाले. "पर पोरास्नी सांगितलं हुतं ना, कुणी बी आसंना."

मी झोळीतून नमुना काढला. सर्व रकाने भरून झाले होते, शेवटचा एक प्रश्न उरला होता. मी तो वाचून दाखविला: "मार्गदर्शक प्राध्यापकांना पोहता येते काय?"

त्यांनी चहाचा पेला वाळूत रोवला. "न्हाई येत."

मला ऐकण्यात चूक झाली असे वाटले.

"आवं, माण तालुक्यात प्यायला टँकर. पवायला पाणी कुठलं? समुद्र मी आधी पुस्तकात वाचला. पैल्यांदा बघितला तवा वाटलं, येवढं पाणी, आन् पिता येत न्हाई, ही कुणाची चेष्टा हाय! मला गुडघ्याएवढा समुद्र येतो, गुरुजी. त्येच्या फुडचा पोरं सांगत्यात."

"म्हणजे ते खोल पाण्यातले प्रवाळ तुम्ही कधीच पाहिले नाहीत?"

"ऐकल्यात." ते हसले. "पंचवीस वर्सं ऐकतोय. आता लिवा जे हाय ते. 'नाही'ला गोल करा."

मी लेखणी हातात घेतली. असत्य लिहिणे मला शक्य नव्हते आणि सत्य लिहिले तर कपाटावरचा 'समुद्र' पुसला जाणार होता. तेवढ्यात पाट्यांचा गठ्ठा घेऊन आलेली प्रतीक्षा मागे थांबली. तिने सगळे ऐकले होते.

"गुरुजी, हे कधी द्यायचंय?"

"पाडव्यापूर्वी."

"मग आज कशाला भरताय?"

"आज काय आणि उद्या काय, मुली."

"असं कसं? 'येते काय' असं विचारलंय ना? हा वर्तमानकाळ आहे. पण कुठल्या दिवसाचा वर्तमान? तुम्ही सही कराल त्या दिवसाचा!"

व्याकरणाचा इतका चोख उपयोग माझ्या चारांपैकी एकाही विद्यार्थ्याने कधी केला नव्हता. मी लेखणीला टोपण लावले.

"आगं, मी अठ्ठावन्न वर्साचा हाय," अप्पासर म्हणाले.

"आमच्या आबांनी अख्खी गल्ली शिकवलीय पोहायला, सर. म्हैससुद्धा."

"म्हशीला आपसूक येतं."

"मग तुम्हाला थोडा जास्त वेळ लागेल," ती म्हणाली.

पुढचे सहा रविवार अप्पासर पहाटेच्या एसटीने तासगावला गेले. तेथे काय चालते याचे वृत्त मला सोमवारी कळे. प्रतीक्षाचे आबा ऐंशीच्या घरातले. ते विहिरीच्या कठड्यावर बसून केवळ तोंडाने शिकवीत. अप्पासरांच्या पाठीला दोरीने रिकामा पत्र्याचा डबा बांधलेला असे, त्या भागातली मुले बांधतात तसा. पहिल्या रविवारी त्यांनी पायरी सोडली नाही. दुसऱ्या रविवारी सोडली आणि डब्यासकट पुन्हा धरली. तिसऱ्या रविवारी परतताना ते बेदाण्याच्या शेडमध्ये गेले. तेथे माळ्यावर माळे जाळ्यांचे बांधून त्यांवर द्राक्षे वाळत घातलेली असतात. "हितं बी वाघर!" म्हणून ते इतके हरखले की पाण्यातली सगळी नामुष्की विसरून गेले.

शेवटच्या रविवारी, पाडवा अगदी जवळ आला असताना, मी स्वतः नमुना घेऊन गेलो. ओंकारही फोन सरसावून आला होता. द्राक्षबागांच्या मधोमध ती दगडी पायऱ्यांची विहीर होती आणि पाणी चांगले वर होते. अप्पासर अर्ध्या चड्डीत, उघड्या अंगाने पायरीवर उभे होते. आबांनी नातीला खूण केली, तिने त्यांच्या पाठीचा डबा सोडला.

"गुरुजी, कागद आणलाय?" त्यांनी वर पाहून विचारले.

"आणला आहे."

"पेन?"

"आहे."

"मग बगा." त्यांनी नाक धरले आणि उडी घेतली.

ते दिसेनासे झाले. पाण्यावर बुडबुडे आले. मी कुलदेवतेचे स्मरण करीत कठड्यावर वाकलो. प्रतीक्षा पायरीवर उडीच्या पवित्र्यात उभी होती. मग डोके वर आले, दोन्ही हात एकदम पाण्यावर थपाथप आपटू लागले.

"आवं मास्तर!" आबा ओरडले. "भाकरी न्हाई थापायची! पानी मागं सारा, मागं!"

हात थांबले. क्षणभर ते पुन्हा खाली जाणार असे वाटले. मग एक हात पुढे आला आणि त्याने पाणी मागे सारले, मग दुसरा. विहिरीची रुंदी ती किती. परंतु ती ओलांडायला त्यांना लागलेला वेळ मला एखाद्या अनुष्ठानाएवढा वाटला. पलीकडचा दगड हाती लागताच ओंकारने शिट्टी मारली.

"येका बाजूनं न्हवं," आबा म्हणाले. "समुद्रात पायऱ्या न्हाईत. माघारी या."

ते माघारीही आले. मी तेथेच कठड्यावर कागद ठेवून 'होय'भोवती गोल केला. निथळत्या हाताने त्यांनी तो पाहायला घेतला आणि गोलावर पाण्याचा एक थेंब पडून शाई पसरली. मी नमुना तसाच दिला. "हा डाग कसला?" प्राचार्यांनी विचारले. "पुरावा आहे," मी म्हणालो. ते किंचित हसले. परवानगी मिळाली. विषय आजही शिकविला जातो.

आज अप्पासर दहिवडीजवळ आपल्या गावी असतात. पुतण्याच्या मेंढरांत रमतात आणि आठवड्यातून एकदा फोनवर अंगठीची विचारपूस करतात. विद्यार्थ्यांनी फोनवर एक गट केला आहे, त्याचे नाव 'खांड'. त्यावर मालवणची छायाचित्रे येत राहतात आणि माझा नातू मला ती दाखवितो. माझे गुडघे आता प्रवासाला राजी नाहीत, त्यामुळे त्यांची प्रत्यक्ष भेट झालेली नाही. मी त्यांना अखेरचे डोळ्यांनी पाहिले ते पुढच्या माघात. ती त्यांची निवृत्तीपूर्वीची शेवटची सहल होती; मी तोवर निवृत्त झालो होतो, पण मला निमंत्रण होते.

त्या पौर्णिमेला मी आपणहूनच वाळूत बसलो. थोड्या वेळाने ते पाण्यातून हाका मारीत आले. "गुरुजी, कानीनं कोर धरली! तुटल्या कडंला नवं अंग भरतंय!" त्यांनी नखाएवढे अंतर बोटांत धरून दाखविले. त्या नखाएवढ्या वाढीने मला किती हलके वाटले, ते मी त्यांना सांगितले नाही. त्यांना कळले असावे.

दुसऱ्या दिवशी होडी खोल पाण्यावर थांबली. विद्यार्थी उतरले. मी फळीवर बसलो होतो. अप्पासरांनी लाइफ जॅकेटचे बंद तीनदा तपासले, मुखवटा डोळ्यांवर ओढला, आणि मग आपल्या चपला काढून माझ्यापुढच्या ओळीत शेवटी ठेवल्या.

"राखा," ते म्हणाले.

एका बाजूला पाणबुड्या, दुसऱ्या बाजूला प्रतीक्षा. ती आता पुढच्या शिक्षणाला गेली होती, पण या दिवसासाठी आवर्जून आली होती. ते होडीच्या कडेवरून घसरले, काही क्षण दोराला लोंबकळले, मग त्यांनी दोर सोडला आणि तोंड पाण्यात घातले.

पाठ तेवढी वर राहिली, नारिंगी. हात दोन्हीकडे पसरलेले, निश्चल. श्वासाच्या नळीतून येणारा घरघर आवाज ऐकू येत होता म्हणून मला धीर होता. मुले वर आली, चपला घालून बसली, केस पुसू लागली. ती पाठ तशीच होती. प्रतीक्षाने वर पाहून ओठांवर बोट ठेवले. ऊन चढले. अखेर मलाच राहवेना. मी फळीवरून वाकलो आणि मोठ्याने विचारले, "अप्पासर, किती आहेत?"

त्यांनी मान वर केली, तोंडातली नळी काढली. मुखवट्याच्या काचेआड डोळे विस्फारलेले होते.

"हायत चार!" ते ओरडले, आणि त्यांनी पुन्हा तोंड पाण्यात घातले.